अठ्ठी, मग तिर्री

मला अजून राग येतो. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, पत्त्यांचा तर खेळ, सोडून दे आता. नाही सोडत जा! ज्यांना तो नुसता पत्त्यांचा खेळ वाटतो, त्यांनी त्या रविवारी माझ्या सासूबाईंच्या समोर बसायला हवं होतं. मी बसले होते. मी त्यांची भिडू होते.

भिवंडीत आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत एक जुनं वाचनालय आहे. खाली पेपर वाचायची बाकडी, वर माडीवर हॉल. त्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी ब्रिज चालायचा. हो, ब्रिज. भिवंडी म्हटलं की माणसांना लूम, ट्रक आणि खड्डे एवढंच आठवतं. पण इथे शाळा होत्या, कोर्ट होतं, मास्तरांची नि कारकुनांची घरं होती, आणि त्या घरांत हा खेळ वडलांकडून मुलाकडे येत राहिला होता. पुढे त्यात हायवेलगतच्या वडपे गावाकडचे जमीनवालेही आले. गोडाऊनं भाड्यानं दिल्यावर दुपारी करायचं काय हा त्यांचा प्रश्न होता, आणि वाचनालयाला इन्व्हर्टर हवा होता. दोघांची सोय झाली. इन्व्हर्टर देणारे गृहस्थ अध्यक्ष झाले.

बायका दोनच. मी आणि सासूबाई. मी धामणकर नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचे, दिवसभर 'चाचा, मुठ्ठी बंद करो' म्हणत सुया टोचायचे. सासूबाई गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. गावातली निम्मी माणसं त्यांना बाई म्हणायची, कारण कधी ना कधी त्यांच्या वर्गात बाकावर उभी राहिलेली.

त्यांना ब्रिज सासऱ्यांनी शिकवला. हौस म्हणून नव्हे हं. घरी डाव मांडला की कधीकधी चौथा माणूस यायचा नाही, आणि तीन जणांत ब्रिज होत नाही, म्हणून स्वयंपाकघरातून हिला बोलवा. असा शिकवला. आणि ही बाई त्या तिघांपेक्षा चांगली खेळायला लागली. सासरे दरवर्षी ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचे, शेजारच्या पोस्टमास्तरांना भिडू घेऊन. परत आले की जेवताना एकेक डाव सांगायचे, आणि ह्या पोळी वाढता वाढता म्हणायच्या, "तिथे किलवर खेळायला हवं होतं तुम्ही." ते म्हणायचे, "हो गं, चुकलंच." आणि पुढच्या वर्षी पुन्हा पोस्टमास्तरांनाच घेऊन जायचे. हे मला सासूबाईंनी हसत हसत सांगितलं. मला नाही हसू आलं.

त्या स्पर्धेत एक गंमत असते. एकदा वाटलेले पत्ते तसेच्या तसे सगळ्या टेबलांवर फिरवतात. म्हणजे जे पत्ते तुमच्या हातात, तेच दुसऱ्या टेबलावर तुमच्या जागी बसलेल्याच्या हातात. मग 'नशिबानं चांगले पत्ते आले' असं कुणाला म्हणायची सोय राहत नाही. कोण कसं खेळलं तेवढंच दिसतं. सासूबाईंना तिथे एकदा बसायचं होतं. सत्तरी आली होती, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि माझ्याजवळ त्यांनी तोंड उघडून मागितलेली ही एकच गोष्ट. "मला एकदा ठाण्याला खेळायचंय गं. शेवटचा नंबर आला तरी हरकत नाही." मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या कितीतरी दिवस टाळत होत्या. ते त्यांनी घाईनं करून घेतलं. का, तर तिथे पत्ते स्वच्छ दिसायला हवेत.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमचं दोघींचं काही फार गूळपीठ नव्हतं. आमटीत मीठ कुणी टाकलं, गॅस कुणी चालू ठेवला, ह्यावरून रोज काहीतरी. तोंडं दोन दिशांना. मला ही बाई आवडायला लागली ती पत्त्यांवर. त्यांनी मला शिकवायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. मी टाकलेल्या पानाकडे बघायचं." मी म्हटलं, पान तर सगळेच बघतात. तर म्हणाल्या, "बघतात डोंबल. फक्त उचलतात."

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. एक जोडी बोली लावते, की आम्ही अमुक इतके हात करून दाखवतो. दुसऱ्या जोडीनं ते होऊ द्यायचं नाही, बोली बुडवायची. आता ह्या अडवणाऱ्या दोघांना एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, भुवई उडवायची नाही. मग भिडूला कळवायचं कसं? तर खेळलेल्या पानानंच. समजा भिडूनं एका रंगाचा राजा टाकला. तो हात तोच जिंकणार, तुम्हाला त्या रंगातलं कुठलंतरी लहानसहान पान घालायचंच आहे. कुठलं घालता ते तुमच्या हातात. आधी मोठं घालून पुढच्या खेपेला लहान घातलंत, तर त्याचा अर्थ, 'माझ्याकडे ह्या रंगाची दोनच पानं होती, संपली, तिसऱ्यांदा खेळ, मी हुकमानं मारते.' आधी लहान, मग मोठं, तर 'इथे काही नाही, दुसरीकडे बघ.' हे सगळं कायद्यातलं आहे. लपवायचं तर मुळीच नसतं. समोरच्या जोडीला आधी सांगायचं असतं की आमची पद्धत अशी आहे. पान सगळ्यांसमोर पडतं, चौघांनाही दिसतं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

ह्याला इंग्रजीत सिग्नल म्हणतात. सासूबाई मराठी शाळेतल्या, त्यांना तो शब्द चालायचा नाही. "सिग्नल धामणकर नाक्यावर. तोही कुणी पाळत नाही. आपण खूण म्हणायचं." झालं. आमच्या घरात त्याला खूणच म्हणायचं. माझा नवरा तर लहानपणापासून तेच ऐकत आलेला. चौथीपाचवीत असताना आईच्या समोर बसून त्यानं ह्याच खुणा घोटलेल्या. हे लक्षात ठेवा.

तर, खूण. अहो, साधा शब्द आहे. पण आपल्याकडे पत्ते म्हणजे मेंढीकोट, आणि मेंढीकोटात खुणा म्हणजे डोळा मारणं, पायाला पाय लावणं, नाक ओढणं. 'ए, खुणा करू नका रे' असं ओरडतच आपण सगळे मोठे होतो. सासूबाईंनी आयुष्यात मेंढीकोट खेळला नव्हता. त्यांच्या डोक्यातही आलं नाही की आपला शब्द समोरच्याच्या कानात जाऊन काय होतो. प्रत्येक टेबलावर बसल्या की त्या आधी सांगायच्या, "आमच्या खुणा अशा आहेत बरं का. आधी मोठं, मग लहान म्हणजे दोनच पानं." कुणी ऐकायचं नाही. बाई सवयीनं शिकवतायत असं समजून माना हलवायचे आणि पत्ते पिसायचे. एकानं तर मला विचारलं, "बाईंना अजून शाळा सुटल्यासारखं वाटत नाही का हो?" मी म्हटलं, "तुमच्यासारखे विद्यार्थी असल्यावर कशी सुटेल?"

आणि खऱ्या खुणा कोण करत होतं म्हणता? ते सगळे! हॉलच्या खिडक्यांखालीच लूमचे गाळे, दिवसभर खडाखड खडाखड. त्या आवाजात काय काय खपायचं! एक जण बदाम हवा असला की 'आज काय उकडतंय' म्हणायचा. भर थंडीत. दुसरा चष्मा काढून उजवीकडे ठेवायचा की त्याच्या भिडूनं समजायचं, दम आहे, पुढे जा. वकील होते, वाचनालयाचे चिटणीस, त्यांना ठरावीक ठिकाणी खोकला यायचा. भारनियमनामुळे दुपारी मध्येच लाइट जायची, खालचे लूम एकदम थांबायचे, आणि त्या शांततेत वकिलांचा खोकला असा काही घुमायचा की अध्यक्षसुद्धा म्हणायचे, "वकीलसाहेब, दवा घ्या." अध्यक्षांची तर तऱ्हाच वेगळी. ते खूणबीण काही करायचे नाहीत. सरळ भिडूला ओरडून विचारायचे, "हाय का न्हाय रं? हाय तर टाक!" निदान तो माणूस जे करायचा ते मोठ्यानं करायचा.

सासूबाई ह्या सगळ्यांत भिंतीसारखं तोंड करून बसायच्या. हातातली बांगडी वाजली तर कुणी काही म्हणेल, म्हणून खेळायला बसताना ती कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधायच्या. मलाही तसंच करायला लावायच्या. इतकं सोवळं पाळणारी बाई.

त्या वर्षी ठाण्याला वाचनालयाच्या दोन जोड्या जायच्या होत्या. कोण जाणार ते ठरवायला ओळीनं काही रविवार आपसांत सामने झाले. आम्ही दोघी दुसऱ्या नंबरवर होतो. आमच्या मागोमाग तिसरे होते वकील, आणि वकिलांचा भिडू म्हणजे माझा नवरा. शेवटच्या रविवारी गाठ नेमकी आमचीच पडली. एका टेबलावर सासूबाई आणि मी समोरासमोर, आणि आडव्या बाजूंना वकील आणि सासूबाईंचा मुलगा. आम्ही जिंकलो तर आम्ही ठाण्याला. ते जिंकले तर ते.

शेवटच्या डावात वकिलांनी इस्पिकची बोली लावली, दहा हात करीन म्हणून. म्हणजे इस्पिक हुकूम. एकूण तेरा हातांतले चार आम्हाला काढायचे होते, तरच बोली बुडणार. सासूबाईंनी चौकटचा राजा टाकला. ब्रिजमध्ये बोली लावणाऱ्याचा भिडू पहिल्या पानानंतर आपले सगळे पत्ते टेबलावर उताणे मांडतो आणि गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. माझ्या नवऱ्यानं आपले पत्ते मांडले. त्यात चौकटची राणी होती, सगळ्यांना दिसत होती. राजाखाली मी अठ्ठी घातली. सासूबाईंनी एक्का टाकला. मी तिर्री घातली. अठ्ठी, मग तिर्री. मोठं, मग लहान.

आता बघा हं. राजा गेला, एक्का गेला, समोर राणी मोकळी झालेली. कुणीही घाबरून तिथेच थांबलं असतं आणि दुसरा रंग काढला असता. सासूबाईंनी तिसऱ्यांदा चौकट खेळली. वकिलांनी हसत हसत डमीची राणी पुढे केली. मी इस्पिकच्या दुर्रीनं ती राणी मारली.

आणि अजून एक. सासूबाईंच्या हातात चौकटची छक्की आणि पंजी दोन्ही होत्या. त्यांनी पंजी टाकली, लहान. त्याचीही खूण असते. मी मारल्यावर कुठला रंग परत आणू? उरलेल्या दोनांतला वरचा हवा तर मोठं पान, खालचा हवा तर लहान. बदाम वर, किलवर खाली. पंजी म्हणजे किलवर. मी किलवर आणली, त्यांनी एक्क्यानं हात घेतला. चौथा हात. वकिलांची बोली बुडाली. एक शब्द नाही, एक नजर नाही, पण त्या दोन मिनिटांत मी आणि माझी सासू जेवढं बोललो तेवढं स्वयंपाकघरात वर्षभरात बोललो नव्हतो. मला इतका आनंद झाला होता की बस.

आणि मी बघितलं, पंजी पडली तेव्हा डमी होऊन बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्याला कळलं होतं. आईनं काय मागितलं आणि बायको आता काय आणणार, सगळं कळलं होतं.

वकिलांनी उरलेले पत्ते टेबलावर आपटले. "हे कसं शक्य आहे? राणी समोर उताणी पडलीय आणि बाई तिसऱ्यांदा चौकट खेळतात? कुठला शहाणा माणूस खेळेल?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तिनं अठ्ठी घातली, मग तिर्री. ती खूण होती."

"खूण!" वकील उभेच राहिले. "ऐकलंत सगळ्यांनी? बाई स्वतः म्हणतायत, खूण केली!"

बाकीची टेबलं सोडून माणसं भोवती जमली. ज्याला भर थंडीत उकडायचं तो म्हणाला, "छे छे, घरातल्या घरात हे बरं नाही." हा! हा म्हणाला! माझ्या तोंडाशी आलं होतं, पण सासूबाईंनी टेबलाखालून नाही, चांगला टेबलावरून हात करून मला थांबवलं. अध्यक्ष आले. वकील चिटणीस, म्हणजे तक्रारही तेच करणार आणि नियमही तेच सांगणार. अध्यक्षांना ब्रिजचे नियम येत होते म्हणता? त्यांनी वकिलांकडे बघितलं, मग सासूबाईंकडे.

"बाई, तुमीच बोलल्या ना, आमच्या खुना हायत म्हून? रोज बोलता, मी बी ऐकलंय. मंग?"

"आहेत की. मी नाही कुठे म्हणतेय?" सासूबाई म्हणाल्या. "पण त्या पत्त्यानं करायच्या असतात. सगळ्यांना दिसतात अशा. आणि मी आधी सांगते."

"म्हंजे खुना हायत."

"आहेत."

झालं ना मग! सरळ बाई, सरळ उत्तर. 'सिग्नल' म्हटलं असतं तर त्याच लोकांनी 'वा वा' केलं असतं, इंग्रजी शब्दापुढे माना खाली घालायची सवयच आहे आपल्याला. 'खूण' म्हटलं आणि त्या चोर ठरल्या. ज्या वकिलाला ह्या बाईनं अपूर्णांक शिकवले, तो तिच्या तोंडावर म्हणत होता, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मला वाटलं, ते सगळे पत्ते उचलावे आणि ह्याच्या अंगावर भिरकावावे.

पण अध्यक्ष वकिलांसारखे नव्हते. त्यांना कळत नव्हतं, पण त्यांना अन्याय करायचाही नव्हता, हे मी त्यांच्याबद्दल म्हणेन. ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "ह्यो तर तुमचाच पोरगा. वकिलाच्या बाजूनं खेळला, आन आई बी तुमची. तुमी सांगा. ह्या खुना कायद्यातल्या हायत का न्हाय? तुमी बोलाल ता खरा."

एवढंच विचारलं. हो म्हणायचं होतं फक्त. 'हो, कायद्यातल्या आहेत, जगभर खेळतात, मलाही आईनंच शिकवल्यात.' संपलं असतं. आई ठाण्याला गेली असती.

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. काळजीनं नाही हं. त्यांना खात्रीच होती. चष्मा पुसत होत्या त्या.

माझ्या नवऱ्यानं पत्ते गोळा करत करत, खाली मान घालून सांगितलं, "मला वाटतं, आता वाद नको. मिटवून टाकू या. आईचं वयही झालंय. ठाण्याला दिवसभर बसणं तिला झेपणार नाही."

ना हो, ना नाही. मिटवून टाकू या! काय मिटवायचं होतं त्याला? आईचं नाव? अध्यक्षांनी खांदे उडवले. पोरगाच असं म्हणतो म्हटल्यावर ते तरी काय करणार? वकिलांनी फर्मान काढलं की हा डाव बाद, आणि ठाण्याला तिसऱ्या नंबरची जोडी जाईल. म्हणजे ते स्वतः. आणि माझा नवरा.

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, रुमाल सोडला, बांगडी खाली घेतली आणि मला म्हणाल्या, "चल." जिना उतरताना त्यांचा हात माझ्या दंडावर होता. एरवी त्या कुणाचा आधार घ्यायच्या नाहीत.

एरवी मी नवऱ्याला अहो-जाहो करते. त्या संध्याकाळी नाही केलं. तो घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच विचारलं, "तू गप्प का बसलास?"

"मी डमी होतो. डमीला बोलता येत नाही, तुला नियम माहितीय."

"डाव चालू असेपर्यंत! डाव संपला की डमी परत माणूस होतो! तू झाला नाहीस!"

"अगं, हळू. आई ऐकेल."

"ऐकू दे! तिथे सगळ्यांसमोर ऐकलंच आहे त्यांनी. त्यांना झेपणार नाही म्हणे! डोळ्याचं ऑपरेशन कशासाठी केलं त्यांनी, टीव्ही बघायला?"

"तुला कळत नाही. कामामुळे वकिलांशी रोजचा संबंध आहे माझा. एका डावासाठी कशाला वैर घ्यायचं? आणि आई काय, पुढच्या वर्षी जाईल."

पुढच्या वर्षी! सत्तरीच्या बाईला पुढच्या वर्षीचा वायदा. मी लाटणं आपटलं ते पोळपाटावरून उडून खाली गेलं. सासूबाई आतून आल्या, लाटणं उचललं, धुतलं आणि पोळ्या करायला बसल्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही तरी बोलायचं होतं."

"बोलले की," त्या म्हणाल्या. "मी खरं तेच बोलले. आता मी त्याला काय शिकवू? त्याला येतं सगळं."

एवढंच. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. मला तर त्यांचाही राग आला. अहो, ओरडा, ताट फेका, काहीतरी करा! पण नाही. पुढच्या रविवारी वाचनालयात गेल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. कुणी विचारलं की 'डोळा दुखतो' म्हणायच्या. मला माहीत होतं, डोळा छान बरा झाला होता. गल्लीतून जाताना लोक नमस्कार करायचे, 'काय बाई, बऱ्या ना?' आणि त्या पुढे गेल्या की एकमेकांकडे बघायचे. मी मागे वळून बघायचे आणि माना पटकन दुसरीकडे व्हायच्या. गणितात कुणाला अर्धा मार्क उगीच न देणारी बाई, आणि गावात आता 'पत्त्यांत खुणा करणाऱ्या बाई' झाली होती. त्या जाताना पदर जास्त ओढून घ्यायला लागल्या होत्या. माझा जीव तुटायचा.

स्पर्धेच्या दिवशी मी नवऱ्याला डबा दिला नाही. सासूबाईंनी दिला. तो वकिलांच्या गाडीत बसून ठाण्याला गेला.

संध्याकाळी परत आला तो खुशीत होता. नंबर लागला नव्हता, मध्येच कुठेतरी आले होते, पण खूश. हातपाय धुऊन जेवायला बसला आणि बापासारखाच एकेक डाव सांगायला लागला. सासूबाई वाढत होत्या. मी ओट्याशी पाठ करून उभी होते. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान काही बंद करता येत नाहीत.

बराच वेळ त्या नुसतं हं हं करत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तिथे टेबलाशी बसलं की आधी काय करतात रे?"

"आधी समोरच्या जोडीला आपली पद्धत सांगायची," तो म्हणाला. "छापील कार्डच असतं. कुठलं पान कशासाठी टाकतो ते सगळं लिहायचं आणि त्यांच्यासमोर ठेवायचं. त्याशिवाय खेळायला बसूच देत नाहीत."

"खुणा लिहायच्या?"

"हो, खुणाच."

"मग तुम्ही कुठल्या लिहिल्यात?"

तो हसला. खरं सांगते, मनापासून हसला, आईला काहीतरी आणून दिल्यासारखा. "वकिलांना कुठे काय येतं? त्यांना फक्त खोकता येतं. गाडीत बसून मीच शिकवल्या त्यांना. आपल्याच सगळ्या. आधी मोठं, मग लहान. तिसऱ्या पानाचीसुद्धा. आई, तुझ्या खुणा आज ठाण्याला खेळल्या बघ!"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी वळून बघितलं.

"आणि चालल्या?" सासूबाईंनी विचारलं.

"चालल्या म्हणजे? एका टेबलावर तर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, छान खेळता, कुणाकडे शिकलात?"

"माझ्या खुणा चालल्या तिथे."

"अगं हो, तुझ्याच."

सासूबाईंनी हातातला भाताचा वाडगा खाली ठेवला.

"मग मी का नाही रे चालले?"

तो माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी बोलून त्याला सोडवीन म्हणून. मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.